गोल्फचे मैदान आणि पाहुण्याची फी

बेळगावच्या दक्षिण अंगाला असलेल्या अनगोळचे गावपण आता फारसे उरलेले नाही. महानगरपालिकेच्या हद्दीत येऊन त्याला बरीच वर्षे लोटली, आणि जेथे एके काळी बासमती भाताच्या वासाने शिवार दरवळत असे, तेथे पुष्कळ ठिकाणी घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. तरीही तेथील जुनी माणसे जमीन अजून एकर-गुंठ्यांत मोजतात, आणि दुसऱ्याच्या बांधावरून जाताना पाय जपून टाकतात. अशा एखाद्या घरातला नातू पुण्याला किंवा बेंगळूरला नोकरीस लागतो, कचेरीतील वरिष्ठांच्या संगतीने गोल्फ शिकतो, आणि सुटीत घरी आला म्हणजे बोलता बोलता सांगून जातो की, गेल्या रविवारी एका क्लबात पाहुणा म्हणून खेळलो, अडीच हजार रुपये पडले. त्यावर आजोबांच्या तोंडून जो प्रश्न निघतो तो अगदी साधा असतो. "चेंडू तुझा, काठी तुझी, उन्हातनं चालायचं तूच, मग बाळा, पैसे कशाचे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. टिळकवाडीतील लेले मैदानावर मुले क्रिकेट खेळतात, गल्लोगल्ली विटीदांडू होतो, गोट्या होतात. त्यांसाठी कोणी दारात पावतीपुस्तक घेऊन बसत नाही. मग याच एका खेळाला असे काय वेगळे लागते की, एका सकाळच्या खेळासाठी एखाद्या मजुराच्या कित्येक दिवसांची मजुरी मोजावी? खेळणारे या रकमेला 'ग्रीन फी' म्हणतात. सभासद नसलेल्या माणसाने एका फेरीपुरते मैदान वापरण्याबद्दल द्यावयाचे ते शुल्क. आपल्या देशात ते कोठे काही शेकड्यांत असते, कोठे कित्येक हजारांत. एवढा फरक का पडतो, आणि दिलेल्या पैशाच्या मोबदल्यात पाहुण्याला नेमके काय मिळते, हे पाहू गेल्यास आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू हाती येते. मात्र ते उत्तर एका वाक्यात मावण्याजोगे नाही.

प्रथम खेळ काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे. गोट्या खेळताना मुले जमिनीत जशी गल खणतात, तशी सव्वाचार इंच रुंदीची एक गल. आणि साधारण पावणेदोन इंच व्यासाचा, पाऊणशे पावलांवरूनही जेमतेम दिसणारा एक पांढरा चेंडू. शेकडो यार्डांवरून काठीने टोले मारीत तो चेंडू कमीत कमी टोल्यांत गलीत घालावयाचा. अशा १८ गली झाल्या म्हणजे एक फेरी पुरी झाली. तिला चार-साडेचार तास लागतात आणि तेवढ्यात माणसाचे आठ-दहा किलोमीटर चालणे होते. एका खेळाडूस १४ पर्यंत काठ्या बाळगण्याची मुभा असते; त्या वाहण्यासाठी सोबत बहुधा एक माणूस असतो, त्याला कॅडी म्हणतात. या माणसाविषयी पुढे बोलावयाचेच आहे.

आता जमीन. क्रिकेटच्या मैदानाला चार-पाच एकर पुरतात आणि त्यावर एका वेळी बावीस खेळाडू खेळतात, कडेला हजारो माणसे बसून पाहतात. १८ गलींच्या गोल्फच्या मैदानाला मात्र सव्वाशे ते पावणेदोनशे एकर लागतात. दीडशे एकर धरले तर त्याचे सहा हजार गुंठे होतात. अनगोळात दोन गुंठ्यांवर टुमदार घर उभे राहते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या आकड्याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही. आणि या सहा हजार गुंठ्यांवर खेळणार तरी किती? एकाच्या चेंडूने दुसऱ्याचे डोके फुटू नये म्हणून चार-चार खेळाडूंच्या टोळ्या दर दहा मिनिटांनी सोडाव्या लागतात. पहाटेपासून सहा तासांत ३६ टोळ्या, म्हणजे १४४ माणसे. एखाद्या मध्यम शाळेच्या दोन-तीन वर्गांत मावतील इतकीच.

नुसती जमीन असून भागत नाही. गवत लागते, आणि तेही एका जातीचे, एका उंचीचे नव्हे. गलीच्या सभोवारची जी खास हिरवळ, तिचे गवत तीन-चार मिलिमीटरांवर ठेवतात. एवढे आखूड गवत जिवंत ठेवणे म्हणजे रोग्याच्या उशाशी बसण्यासारखे आहे. ते रोज कापावे लागते, त्याला मोजून पाणी आणि मोजून खत द्यावे लागते, बुरशीवर डोळा ठेवावा लागतो, आणि वर्षातून एकदोन वेळा त्या हिरवळीला भोके पाडून वर वाळू पसरावी लागते, म्हणजे मुळांना हवा मिळते. कापण्याची यंत्रे पुष्कळदा परदेशातून येतात आणि त्यांची पाती वरचेवर पाजळावी लागतात. शिवाय माळ्यांची फौज. सूर्योदयापूर्वी ती कामाला लागते आणि पाहुणा येतो तेव्हा ती दृष्टीआड झालेली असते, म्हणून तिचा खर्च पाहुण्याच्या ध्यानात येत नाही.

पाण्याचा हिशेब याहून बिकट. कोरड्या हवेच्या प्रदेशात उन्हाळ्याच्या दिवसांत १८ गलींचे मैदान हिरवे ठेवण्यास दररोज कित्येक लाख लिटर पाणी लागते. दहा लाखांचा आकडा मुळीच अशक्य नाही. शहरातील माणसाला दरडोई दररोज १३५ लिटर पाणी मिळावे असे आपल्याकडील सरकारी प्रमाण आहे. त्या प्रमाणाने दहा लाख लिटर म्हणजे सात हजारांहून अधिक माणसांचे एका दिवसाचे पाणी. राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांकडे डोळे लावून बसणाऱ्या बेळगावकराला हा भागाकार पाटी-पेन्सिलीवाचून करता येईल. अलीकडे पुष्कळ मैदाने शुद्ध केलेले सांडपाणी वापरू लागली आहेत, ही चांगली गोष्ट होय. परंतु शुद्धीकरणालाही पैसे पडतातच, आणि ते शेवटी फीच्या पावतीत उतरतात.

जुन्या काळी हिंदुस्थानातील छावण्यांमधून यावर एक सोपा तोडगा काढलेला असे. गलीभोवती हिरवळ राखावयाचीच नाही. त्याऐवजी वाळूत तेल कालवून ती चोपून-चापून सपाट करावयाची. अशा जागेला 'ग्रीन' न म्हणता 'ब्राऊन' म्हणत. चेंडू टाकून झाला की पुढच्या टोळीसाठी वाळू पुन्हा ओढून सारखी करून ठेवावयाची. दिसण्यात ती शोभिवंत नव्हती, पण पाणी पीत नव्हती. आज अशी मैदाने फार थोडी उरली आहेत, कारण पाहुण्याला छायाचित्रातल्यासारखी हिरवीगार मखमल पाहिजे असते. ती मखमलच त्याच्या फीतील मोठा हिस्सा खाऊन टाकते.

येथवर आजोबांच्या प्रश्नाचा पहिला भाग उलगडला. चेंडू नातवाचा, काठी नातवाची, परंतु पायाखालचे प्रत्येक पाऊल दुसऱ्या कोणीतरी वाढवलेले, कापलेले आणि भिजवलेले आहे. आता दुसरा भाग. तो दुकानदारीचा आहे.

मैदानाच्या खर्चाचे एक वैशिष्ट्य असे की, कोणी खेळो वा न खेळो, तो होतच राहतो. गवत रविवारी जेवढे वाढते तेवढेच मंगळवारी वाढते. समजा, एका मैदानाचा वर्षाचा खर्च तीन कोटी रुपये आहे आणि वर्षभरात तेथे २५ हजार फेऱ्या होतात. तर प्रत्येक फेरीवर १,२०० रुपये पडले. फेऱ्या १५ हजारच झाल्या तर तोच आकडा २,००० वर जातो. याच्या उलट, एका दिवशी एखादा पाहुणा अधिक आला तर मैदानाचा खर्च वाढतो तो जवळजवळ शून्य. आणि रिकामा गेलेला वेळ पुन्हा विकता येत नाही. निपाणीहून सुटलेली बस अर्धी रिकामी असली तर ती आसने कोल्हापुरात पोचल्यावर कोणास विकणार? गोल्फची सकाळही तशीच आहे. म्हणून व्यवहारज्ञ मैदाने शनिवार-रविवारी फी चढवितात, मधल्या वारी उतरवितात, आणि दुपार कलल्यावर येणाऱ्याला आणखी सवलत देतात. ज्याला नोकरीमुळे रविवारखेरीज सवड नाही तो सर्वांत महाग खेळतो. निवृत्त गृहस्थ बुधवारी दुपारी तेच मैदान कितीतरी स्वस्तात वापरतो. यात अन्याय काही नाही, परंतु हे माहीत नसलेला पाहुणा उगाच जास्त देऊन येतो.

मग सभासदाचे काय? तो फेरीगणिक थोडेच देतो, काही ठिकाणी काहीच देत नाही. परंतु त्याने आत शिरताना मोठी रक्कम भरलेली असते, कित्येक वर्षे नाव नोंदवून वाट पाहिलेली असते, आणि पावसाने मैदान बंद राहिले तरी त्याची वर्गणी चालूच असते. पाहुण्याने यांतले काहीच केलेले नाही, तेव्हा त्याच्याकडून जास्त घेतले तर ते रास्तच, असा क्लबांचा युक्तिवाद असतो. तो काही अंशी खरा आहे. मात्र वरच्या उदाहरणात फेरीचा खर्च १,२०० आणि पाहुण्याची फी २,५०० असेल, तर मधल्या १,३०० रुपयांतून सभासदांची वर्गणी हलकी होत असते, हेही तितकेच खरे. पाहुणा आपल्या खेळाबरोबर यजमानाच्या खेळाचेही थोडे पैसे देतो. आपल्याकडे पाहुण्याला देव मानतात; येथे तो देव दक्षिणाही देऊन जातो.

सभासदाबरोबर आलेला पाहुणा, एकटा आलेला पाहुणा, लष्करी अधिकारी, परगावच्या क्लबाचा सभासद, आणि परदेशी माणूस, या सर्वांचे दर पुष्कळ ठिकाणी निरनिराळे असतात. परदेशी पाहुण्याला तर अनेक क्लबांत कितीतरी पट अधिक द्यावे लागतात. हे ऐकून कोणी नाक मुरडील, त्याने वेरूळच्या लेण्यांचे तिकीटघर आठवावे. तेथे भारतीयाला ४० रुपये आणि परदेशीयाला ६०० रुपये असा दर आहे. त्यामागचा विचार असा की, लेणी राखण्याचा बोजा या देशातील करदाता आधीच उचलतो. हाच विचार खाजगी क्लबाला लावता येईल काय, हा प्रश्न निराळा. त्याचे उत्तर मैदानाची जमीन कोणाची यावर अवलंबून राहील.

पाहुण्याने फी देण्यापूर्वी चौकशी करावी अशा काही गोष्टी आहेत. फीमध्ये काय येते आणि काय येत नाही ही पहिली. कॅडीचे पैसे बहुधा वेगळे. काठ्या भाड्याने घ्यावयाच्या तर त्या वेगळ्या. आणि हरवलेल्या चेंडूंची तर गणतीच नसते. नवशिक्या माणसाने फीइतकेच चेंडू झाडीत टाकून यावेत हे काही नवल नव्हे. हिरवळीला भोके पाडून वाळू टाकण्याचे काम नुकतेच झाले असेल, तर चेंडू उड्या मारीत जातो आणि फी मात्र पुरी घेतली जाते. याबद्दल दूरध्वनीवर एक प्रश्न विचारला तर पुढची चरफड वाचते. बेळगावसारख्या पावसाळी गावात जून ते सप्टेंबरपर्यंत कोठल्याही मैदानावर चिखल आणि उंच गवत हे गृहीतच धरावे. रविवारच्या गर्दीत साडेचार तासांची फेरी साडेपाच तासांवर जाते, आणि त्यातला एक तास माणूस नुसता उभा राहण्याबद्दल पैसे देत असतो. तथापि चांगला कॅडी मिळाला तर पाहुण्याला आपली फी सार्थकी लागल्यासारखे वाटते. त्या मैदानाचा उतार कोणीकडे आहे, दुपारचा वारा कोणत्या झाडाआडून येतो, हे त्याला घरच्या अंगणासारखे ठाऊक असते. आणि परक्या माणसाला ते ज्ञान कोणत्याही पुस्तकातून मिळत नाही.

परंतु फीचे खरे मोल समजण्यासाठी थोडे दूर, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या लहानशा गावी जावे लागते. गोल्फचे माहेर म्हणून ते जगभर ओळखले जाते. तेथील समुद्रकाठची वालुकामय जमीन नांगराला निरुपयोगी होती, म्हणून ती गावची गायरान म्हणून राहिली. १५५२ साली तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या सनदेने गावकऱ्यांचा त्या जमिनीवरील वहिवाटीचा हक्क मान्य केला, आणि त्या वहिवाटीत गोल्फचाही समावेश होता. धर्मगुरूंनी खेळाचा हक्क लिहून द्यावा ही गोष्ट आज थोडी कौतुकाची वाटेल. पुढे नगरसभा कर्जात बुडाली आणि १७९७ साली ती जमीन सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. ससे बिळे खणीत आणि खेळणाऱ्यांचे चेंडू त्यांत नाहीसे होत. तंटे झाले, कज्जे कोर्टात गेले. अखेरीस १८२१ साली जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन गोल्फ वाचविला, आणि १८९४ साली पार्लमेंटच्या कायद्याने ती पुन्हा नगरसभेकडे आली.

लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, या जगप्रसिद्ध मैदानावर १९१३ सालापर्यंत पाहुण्यालाही फी पडत नव्हती, आणि गावकऱ्याला तर १९४६ सालापर्यंत खेळ फुकट होता. १९७४ पासून एक न्यास ती सर्व मैदाने सांभाळतो. आज त्या जुन्या मैदानावर एका फेरीसाठी पाहुण्याला जबर किंमत द्यावी लागते. २०२४ च्या हंगामात ती ३२० पौंड होती. एवढे पैसे देऊनही जागा मिळेलच असे नाही. रोज चिठ्ठ्या टाकून बऱ्याच जणांचे नशीब ठरते. परंतु गावच्या रहिवाशाला वर्षभराचे एक तिकीट मिळते आणि त्यावर त्याला तेथील सर्व सार्वजनिक मैदानांवर खेळता येते. दूरदेशीच्या पाहुण्याच्या पैशावर गावातला शिक्षक आणि पोस्टमन खेळतो, असे म्हणण्यास हरकत नाही. आणि रविवारी ते जुने मैदान खेळासाठी बंदच असते. प्रभूच्या वारी खेळू नये या जुन्या निष्ठेतून ती चाल आली. मोठ्या स्पर्धेचा अपवाद सोडला तर आजही रविवारी तेथे गावची माणसे मुलाबाळांसह, कुत्री घेऊन, त्याच मखमलीवरून फिरत असतात. त्यासाठी त्यांना तिकीट लागत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ बेथपेज येथे राज्य सरकारच्या उद्यानात असेच एक कठीण म्हणून गाजलेले मैदान आहे. २००२ साली अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा तेथे झाली. राज्याच्या रहिवाशाला तेथे परराज्यातील माणसाच्या निम्म्या दरात खेळावयास मिळते, आणि पहाटेची जागा मिळावी म्हणून माणसे आदल्या रात्री गाडीतच झोपतात. म्हणजे फीचा आकडा लहान की मोठा हे पाहून काही ठरत नाही. ती कोणाकडून घेतली जाते, आणि तिच्यातून कोणाचा खेळ स्वस्त होतो, हे पाहिल्याशिवाय तिचे मोल ठरविता येत नाही.

आपल्या देशात गोल्फ आला तो इंग्रजांबरोबर, आणि फार लवकर. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, मुंबईचा १८४२ सालचा. परंतु येथे सेंट अँड्र्यूजचे गायरान आले नाही. आला तो कुंपणासकटचा क्लब. पुष्कळ ठिकाणी हिंदी माणसाला पैसे देऊनही पाहुणा होता येत नसे. मुंबईस १९१८ साली विलिंग्डन क्लब निघाला तो गोऱ्यांबरोबर हिंदी लोकांनाही सभासद करून घेण्यासाठीच. रंगाची अट पुढे गेली. ओळखीची आणि पैशाची राहिली.

छावण्यांतून मैदाने झाली ती सरकारी जमिनीवर. या संबंधात भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी संरक्षण खात्याच्या जमिनींवर दिलेला २०१०-११ चा अहवाल वाचण्यासारखा आहे. देशभरात लष्कराची ९७ गोल्फ मैदाने आठ हजार एकरांहून अधिक सरकारी जमिनीवर आहेत, असे त्यात नमूद केले आहे. ती एका नोंदणीकृत खाजगी संस्थेमार्फत चालतात, जमिनीचे भाडे सरकारला मिळत नाही, लष्कराबाहेरच्या लोकांनाही पैसे घेऊन खेळू दिले जाते आणि ते उत्पन्न सरकारी तिजोरीत जमा होत नाही, असे आक्षेप त्या अहवालात घेतले होते. लष्कराच्या दृष्टीने ही मैदाने म्हणजे पर्यावरणाची उद्याने आणि प्रशिक्षणाच्या जागा होत, आणि त्यांना नावही तसेच देण्यात आलेले आहे. ती नसती तर तेथे इमारतींचे जंगल झाले असते, या म्हणण्यातही तथ्य आहे. वडाच्या जुन्या झाडाला ते कोणाच्या सावलीसाठी उभे आहे याची पर्वा नसते. तरीही पाहुण्याने दिलेली फी कोठे जाते, हे विचारण्याचा हक्क त्या जमिनीच्या खऱ्या मालकाला, म्हणजे नागरिकाला, आहेच.

बेळगावातही गोल्फचे मैदान आहे; अनगोळच्या अगदी विरुद्ध टोकाला, जाधवनगर आणि हनुमाननगर या वस्त्यांच्या शेजारी. परंतु शहरातील बहुतेकांना त्याची खरी ओळख झाली ती २०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यात, आणि तीही खेळामुळे नव्हे. जाधवनगरात एका मजुरावर हल्ला करून एक बिबट्या निसटला आणि पुढे या मैदानाच्या झाडीत दिसू लागला. वनखात्याची माणसे, पिंजरे, कॅमेरे, आणि शेवटी शिमोगा जिल्ह्यातील सक्रेबैलच्या छावणीतून हत्तीसुद्धा आणावे लागले. आजूबाजूच्या शाळा कित्येक दिवस बंद राहिल्या आणि मुलांनी त्या वाघोबाला मनोमन दुवा दिला असावा. एवढ्या दिवसांचा पाहुणा, पण फी न भरता राहून गेला. विनोद सोडला तरी एक गोष्ट त्यातून दिसली. शहराच्या ऐन वस्तीत एवढी दाट झाडी आणि मोकळी जागा शिल्लक आहे, याचा पत्ता अनेकांना श्वापदाने दिला.

दिल्लीने या बाबतीत एक निराळी वाट दाखविली. तेथील विकास प्राधिकरणाने कुतुबमिनाराजवळ लाडोसराय येथे सार्वजनिक गोल्फ मैदान काढले. या सहस्रकाच्या आरंभी सुरू झालेले हे मैदान देशातले पहिले सार्वजनिक गोल्फ मैदान म्हणून ओळखले जाते. कोणी सभासदाने बोट धरून नेण्याची अट नाही; फी भरावी आणि खेळावे. तेथली फी गरिबाला परवडते असे कोणी म्हणणार नाही. परंतु ओळखपाळखीवाचून, केवळ फी भरून दार उघडते, एवढा फरकही लहान नाही. ज्या घरात आजवर कोणी क्लबाची पायरी चढलेले नाही, त्या घरातल्या मुलाला वशिल्याची चिठ्ठी आणणे पैसे जमविण्यापेक्षा कठीण असते.

राहता राहिला तो कॅडी. मैदानाच्या आसपासच्या खेड्यांतील आणि वस्त्यांतील ही मुले आणि माणसे. दुसऱ्याच्या काठ्या वाहून रोजचे पैसे मिळविणारी. ज्या जमिनीचा प्रत्येक उंचवटा त्यांना पाठ असतो, त्या जमिनीवर फी भरून खेळण्याची त्यांची ऐपत नसते. म्हणून पुष्कळ क्लबांत सोमवारी, मैदान सभासदांना बंद असते त्या दिवशी, कॅडींना खेळू देण्याची चाल आहे. त्या एका फुकटच्या दिवसातून काय निपजले हे पाहिले म्हणजे मन थक्क होते. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. तोवर कोणाही भारतीय व्यावसायिक खेळाडूला ती जिंकता आली नव्हती. १९९३ साली त्यांनी ती पुन्हा जिंकली. कलकत्त्याच्या त्या १८२९ सालच्या क्लबात हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा शिवशंकरप्रसाद चौरसिया. त्याने २००८ साली दिल्लीत भरलेली इंडियन मास्टर्स ही युरोपीय मालिकेतील स्पर्धा जिंकली, आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपनही. पहाटे उठून गवत कापणाऱ्या बापाच्या हातची ती हिरवळ होती.

ही हकीकत नातवाने सांगितली तर आजोबा बहुधा क्षणभर गप्प राहतील. अडीच हजारांपैकी जमीन किती, पाणी किती, माळी किती, हा हिशेब त्यांना पटलेला असेल. शेतकऱ्याला मशागतीचा खर्च कोणी शिकवावा लागत नाही. मग ते पुन्हा विचारतील, "तुझ्या काठ्या धरणारा पोरगा त्या दिवशी कोण होता रे? त्याला किती दिलंस?" आणि नातवाला त्या मुलाचे नाव आठवावे लागेल.